एका वेळी एकच गोष्ट



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. घरात पुठ्ठे, रंग, वायरी, छोट्या मोटारी येऊन पडतात आणि मुलांइतकीच आईबाबांचीही धावपळ होते. पालकहो, तुमची ही धडपड मी दरवर्षी जवळून पाहते, तिच्यामागची माया मला कळते. म्हणूनच आज थोडं मनातलं बोलायचं आहे.

मी विज्ञान शिकवते. प्रदर्शनात एखाद्या टेबलापाशी थांबले की मुलांना एक प्रश्न हमखास विचारते, "यात तू काय बदललंस आणि त्यामुळे काय बदललं?" पुढ्यात देखणं मॉडेल असतं, माहिती तोंडपाठ असते, पण या प्रश्नाशी मूल अडखळतं. कारण त्याच्या वाट्याला वस्तू बनवणं आलेलं असतं, प्रयोग करणं आलेलंच नसतं.

नेहमीचा ज्वालामुखी घ्या. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फेस उसळतो, बघणारे खूश होतात. हे झालं प्रात्यक्षिक. त्याच मुलानं चार सारख्या ग्लासांत सारखंच व्हिनेगर घेतलं, एकात अर्धा चमचा सोडा घातला, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात चार, आणि फेस कुठवर चढला ते पट्टीनं मोजलं, की त्याचा प्रयोग होतो. मग ज्वालामुखीत कधीच न दिसलेली एक गोष्ट त्याला दिसते. सोडा वाढवत गेलं तरी एका मर्यादेनंतर फेस वाढत नाही, कारण ग्लासातलं व्हिनेगरच खर्ची पडलेलं असतं. सामान तेच, खर्चही जवळपास तेवढाच. फक्त मुलानं मनाशी एक प्रश्न धरला.

असा प्रश्न धरायचा तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. मी काय बदलणार? मी काय मोजणार? आणि बाकी काय काय जसंच्या तसं ठेवणार? जे आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल. त्याच्यामुळे काय बदलतं हे बघायला आपण जे मोजतो तो अवलंबी चल. आणि ज्यांना हलू द्यायचं नाही ते नियंत्रित चल. काही पुस्तकांत पहिल्या दोघांना स्वाश्रयी आणि आश्रयी चल म्हटलेलं आढळेल. नावं मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहूनही येतात. ते तीन प्रश्न मात्र अंगात मुरावे लागतात, आणि त्यासाठी घरासारखी दुसरी जागा नाही.

एखाद्या रविवारी सकाळी मुलांना दही लावू द्या. आधी आजींना विचारायला सांगा, "आजी, विरजण जास्त घातलं तर दही लवकर लागतं का गं?" आजींचा उभा जन्म दही लावण्यात गेलेला असतो, त्या ठाम काहीतरी सांगतील. मुलाचं स्वतःचंही काही मत असेल. दोन्ही वहीत लिहू द्या. शास्त्रात याला गृहीतक म्हणतात, म्हणजे तपासून बघायचा अंदाज.

मग एकाच पिशवीतलं दूध एकाच पातेल्यात तापवून कोमट होऊ द्यायचं. तापवायचं काम मोठ्यांनी करावं. सारख्या वाट्या घ्यायच्या, प्रत्येकीत मापून तेवढंच दूध. पहिल्या वाटीत पाव चमचा विरजण, दुसरीत अर्धा, तिसरीत एक, चौथीत दोन. पाचव्या वाटीत नुसतं दूध, विरजण अजिबात नाही. सगळ्या सारख्याच ढवळायच्या, सारख्याच झाकायच्या आणि ओट्यावर एकाच कोपऱ्यात ठेवायच्या.

आता खरी मजा सुरू होते. दुपारी ताई म्हणेल, "लागलं!" आणि धाकटा म्हणेल, "कुठे लागलंय? पातळच आहे अजून." हे भांडण तुम्ही मिटवू नका. दही लागलं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यांनाच ठरवू द्या. वाटी हलकेच कलती केली आणि वरचा थर सरकला नाही, तर लागलं, असं काहीतरी त्यांना सुचेल. ते ठरलं की दर अर्ध्या तासानं तेच बघायचं आणि वेळ लिहायची. अवलंबी चल असाच हवा, कुणीही मोजला तरी उत्तर तेच यावं. 'छान', 'घट्ट', 'मस्त' ही मापं नव्हेत. 'साडेपाच तास' हे माप.

तेवढ्यात कुणी पोळ्या करायला घेतल्या आणि शेगडीच्या बाजूच्या वाटीला ऊब लागली, तर काय होईल? ती वाटी आधी लागली तर श्रेय विरजणाचं की उबेचं? मूल चटकन वाट्या उचलून दुसरीकडे नेऊ लागलं, की समजा तिसरा प्रश्न त्याला कळला. नियंत्रित चल ही वहीत भरायची नुसती यादी नाही, ती सतत ठेवायची राखण आहे.

जास्त विरजणाची वाटी साधारणपणे आधी लागते. पण विरजण दुप्पट केलं म्हणून वेळ निम्मा होत नाही. विरजणातले जिवाणू दुधात वाढताना दुप्पट, चौपट, आठपट असे वाढत जातात. म्हणून विरजण दुप्पट घातलं तर एका दुपटीला लागणारा वेळ तेवढा वाचतो. पाव चमचा विरजणही थोडं मागून, पण तिथवर पोचतंच. आणि पाचवी वाटी? इतर वाट्या लागल्या तरी ती दूधच राहते. ती नसती तर 'दूध ठेवून दिलं की आपोआपच दही होतं' असं म्हणणाऱ्याला तुमच्या मुलाकडे उत्तर नसतं.

पुढच्या रविवारी प्रश्न बदला. थंडीत दही लागायला वेळ का लागतो? आता विरजण सगळ्यांत सारखंच, पण एक वाटी फ्रिजमध्ये, एक ओट्यावर आणि एक झाकणाच्या उबदार डब्यात. आता तापमान हा स्वतंत्र चल झाला आणि मागच्या रविवारचा स्वतंत्र चल, म्हणजे विरजण, नियंत्रित चलांत जाऊन बसला. तिसऱ्या एखाद्या दिवशी दोन सारख्या कपांत गरम पाणी घ्या, एक झाका, एक उघडा ठेवा आणि थर्मामीटरनं बघा कोणतं लवकर निवतं. आता तेच तापमान अवलंबी चल झालं. मुलं पुष्कळदा विचारतात, "तापमान स्वतंत्र चल असतं की अवलंबी?" याचं उत्तर तापमानात शोधून सापडत नाही, आपण काय विचारलं त्यावर ते ठरतं. हे एकदा कळलं की आलेख काढतानाचा गोंधळही संपतो. आपण बदललेलं आडव्या अक्षावर, मोजलेलं उभ्या अक्षावर.

आता एका काळजीबद्दल बोलू. "आमचा मुलगा धडपड्या आहे, पण सगळं एकदम करतो, धीरच नाही त्याला," असं पालक पुष्कळदा सांगतात. पालकहो, हा प्रश्न बराचसा वयाचा आहे. ज्याँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर या जिनिव्हातल्या दोन संशोधकांनी मुलांपुढे एक लंबक ठेवला होता. दोरी लहानमोठी करता येई, वजन बदलता येई, किती उंचीवरून सोडायचं आणि किती जोरानं ढकलायचं तेही मुलांच्याच हाती होतं. प्रश्न एवढाच की लंबकाचा झोका जलद की सावकाश, हे कशावर ठरतं? १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात मुलांच्या वागण्याचं बारकाईनं वर्णन आहे. अगदी लहान मुलांना वाटे, सगळं आपण देतो त्या धक्क्यावर आहे. त्याहून मोठी मुलं दोरी आणि वजन एकाच वेळी बदलत, आणि फरक पडला की वजनालाही श्रेय देऊन मोकळी होत. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून बघायची, हे साधारण किशोरवयात जमू लागलेलं त्यांना दिसलं.

हा लंबक घरीच करून बघा, साहित्य म्हणजे दोरा आणि लोखंडी नट एवढंच. खिडकीच्या गजाला दोरा बांधा, टोकाला नट लावा, थोडासाच बाजूला ओढून सोडा. जाऊन परत आला की एक झोका. एका झोक्याचा वेळ मोजताना चूक होते, म्हणून दहा झोक्यांचा मोजा आणि दहानं भागा. दोरा बांधल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर असेल तर दहा झोक्यांना सुमारे १० सेकंद लागतात. तेच अंतर १०० सेंटिमीटर केलं की सुमारे २० सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. आता लांबी तीच ठेवून वजन वाढवायचं. बहुतेक मुलं पैज लावतात की जड लंबक जलद झुलणार. इथे एक मेख आहे, ती मुलांनाच सापडू द्या. नट एकाखाली एक असे बांधत गेलं तर वजनाबरोबर लंबकाची लांबीही नकळत वाढते, वेळ थोडा वाढलेला दिसतो आणि मूल म्हणतं, "वजनानं फरक पडतो!" तेच नट तारेच्या एकाच आकड्यात, एकाच उंचीवर अडकवले की फरक नाहीसा होतो. पहिल्या वेळी त्याला वाटलं होतं आपण एकच गोष्ट बदलली, प्रत्यक्षात दोन बदलल्या होत्या. ही मेख मुलानं स्वतः हुडकली तर त्या दिवशी घरात गोडधोड करायला हरकत नाही.

पियाजेंच्या निरीक्षणावरून कुणी म्हणेल, मग मूल मोठं होईपर्यंत थांबू या. तसंही नको. झे चेन आणि डेव्हिड क्लार या संशोधकांनी अमेरिकेत दुसरी ते चौथीच्या मुलांबरोबर काम केलं आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. उतारावरून घरंगळणारे चेंडू, वजन टांगलेल्या स्प्रिंगा, पाण्यात बुडणाऱ्या वस्तू, असं साधं साहित्य होतं. तुलना खरी कधी ठरते आणि कधी ठरत नाही, हे उदाहरणं दाखवून समजावलं आणि "तू हे असं का मांडलंस?" असं विचारत राहिलं, तर मुलं ही रीत शिकली. चौथीच्या मुलांनी तर काही महिन्यांनी वेगळ्याच प्रश्नांनाही ती लावून दाखवली. म्हणजे वय लागतं हे खरं, आणि शेजारी बसून विचारणारं मोठं माणूस लागतं हेही खरं. ते माणूस तुम्ही आहात.

रात्री मुलं गोष्ट सांगा म्हणतील तेव्हा त्यांना जेम्स लिंडची गोष्ट सांगा. तो इंग्रजांच्या आरमारात शल्यवैद्य होता. लांबच्या सफरीवर खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, रक्त येई, अंगावर डाग पडत, पाय गळून जात आणि माणसं मरत. उपाय ज्याचा त्याचा वेगळा. १७४७ च्या मे महिन्यात 'सॉल्सबरी' या जहाजावर लिंडनं १२ आजारी खलाशी निवडले, शक्य तितके सारख्या अवस्थेतले. सगळ्यांना एकाच ठिकाणी ठेवलं, सगळ्यांना तेच जेवण दिलं. मग दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, दुसरीला सौम्य केलेलं गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरेंची चाटणासारखी औषधी गोळी. जहाजावरची संत्री-लिंबं सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला आणि दुसराही सगळ्या रुग्णांत चांगला सुधारला. सायडरवाल्यांना थोडा उतार पडला, बाकीच्यांना जवळपास काहीच नाही.

संत्री-लिंबांतलं क जीवनसत्त्व सापडायला अजून पावणेदोनशेहून जास्त वर्षं होती. लिंबू का गुण देतं हे लिंडला सांगता येणं शक्यच नव्हतं. पण कशानं गुण आला, हे त्यानं दाखवून दिलं, कारण जेवण तेच, जागा तीच, आजार तोच आणि बदललं होतं फक्त औषध. आणि मुलांना हेही सांगा की पुरावा असूनही आरमारानं खलाशांना सरसकट लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी लिंड वारला होता. त्यामुळे पुरावा शोधणारी माणसं हवीत, तशी पुरावा बघून मत बदलणारी माणसंही हवीत. आपली मुलं दोन्ही व्हावीत असं मला मनापासून वाटतं.

कारण हा विषय विज्ञानाच्या तासापुरता नाही. मुलाला ताप येतो. आपण डॉक्टरांची गोळी देतो, काढा देतो, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो, कुणी दृष्टही काढतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या उपायाला श्रेय देतो. साधा सर्दी-ताप पुष्कळदा आपला आपणच उतरतो, हे सगळे विसरतात. किंवा सहामाहीत गुण कमी पडले म्हणून आपण शिकवणी बदलतो, त्याच महिन्यात मोबाइल काढून घेतो, पहाटे उठवायला लागतो आणि बाबा रोज गणितं करून घेऊ लागतात. वार्षिक परीक्षेत गुण वाढतात आणि आपण चार जणांना सांगतो, "त्या क्लासनं जादू केली." चार गोष्टी एकदम बदलल्या, पाचवी म्हणजे प्रश्नपत्रिका, आणि श्रेय एकीलाच. आजारी मुलावर किंवा त्याच्या अभ्यासावर प्रयोग करा असं मी मुळीच म्हणत नाही. तिथे जे जे हिताचं ते सगळं करायचंच. फक्त निष्कर्ष काढताना मुलांसमोर एवढं म्हणा, "बरं झालं खरं, पण नेमकं कशानं झालं ते आपल्याला सांगता येणार नाही." आईबाबांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेली मुलं जाहिराती वेगळ्या डोळ्यांनी बघतात. अमुक पावडर दुधातून घेतली आणि उंची वाढली, असं कुणी सांगितलं तर ती विचारतात, "वाढत्या वयात उंची वाढतेच ना? आणि नुसतं दूध पिणाऱ्यांची किती वाढली?"

म्हणून तुमच्याजवळ काही मागायचं आहे.

मुलाचा प्रयोग तुम्ही करू नका, त्याच्याजवळ बसा. त्यानं सगळं एकदम बदललं तर लगेच "चुकलं" म्हणू नका. "आता फरक पडला, तो कशामुळे पडला हे कसं सांगशील?" असं विचारा आणि गप्प राहा. त्याला विचार करायला वेळ लागेल, तो त्याला मिळू द्या. एकदा मोजून भागत नाही, तोच प्रयोग दोनतीनदा करू द्या, आकडे थोडे इकडेतिकडे येतील ते तसेच लिहू द्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उत्तर अपेक्षेसारखं आलं नाही तर वहीतले आकडे 'नीट' करायला कधीही सांगू नका. वजन बदलून लंबकाच्या वेळेत फरक पडला नाही, हा फसलेला प्रयोग नाही. तोच तर शोध आहे. 'काहीच फरक पडत नाही' हे उत्तर मिळवायलासुद्धा तितकीच मेहनत आणि जास्त प्रामाणिकपणा लागतो. बक्षिसासाठी एकदा आकडा बदललेला मुलाच्या लक्षात राहतो, आणि बक्षीस हुकलं तरी आईबाबा आपल्या खऱ्या आकड्यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही लक्षात राहतं.

तुमचं मूल पुढे डॉक्टर होईल, शेती करेल, दुकान सांभाळेल की आणखी काही, ते त्याचं त्याला ठरवू द्या. पण कोणत्याही कामात त्याला कधी ना कधी ठरवावं लागेल की हे कशामुळे झालं. खत बदलल्यानं पीक सुधारलं की यंदा पाऊस वेळेवर पडला म्हणून? दुकानाची जागा बदलल्यानं गिऱ्हाईक वाढलं की सणामुळे? त्या वेळी आपण शेजारी नसू, आपण विचारत होतो ते तीन प्रश्न असतील. ते त्याला आत्ताच, या वयात, घरच्या ओट्यापाशी द्या. पुढे ते त्याचं त्यालाच पुरतील.